खोत, कूळ आणि वेठ

खोत हा शब्द आता बहुतेकांना आडनाव म्हणूनच भेटतो. गिरगावातली खोताची वाडी, कोकणातल्या जागोजागच्या खोतवाड्या, एवढीच काय ती त्याची खूण. जयगडच्या बाजूला मात्र जुन्या माणसांच्या बोलण्यात त्याचा दरारा अजून ऐकू येतो. शास्त्री नदीच्या मुखावरचा हा किल्ला विजापूरकरांचा होता. पुढे तो संगमेश्वरच्या नाईकांकडे, आंग्र्यांकडे आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. गडावरचं निशाण बदललं, तरी रत्नागिरीतल्या बहुतेक गावांत खळ्यावर भाताचा वाटा मोजून घ्यायला खोतच येत राहिला.

मोल्सवर्थच्या कोशात खोत म्हणजे गावचा वसूल किंवा जकात मक्त्याने घेणारा. या अर्थात घराण्याचा किंवा जन्माचा काही प्रश्न नव्हता. तो एक करार होता. चौदाव्या शतकात झियाउद्दीन बरनी अलाउद्दीन खिलजीच्या काळाबद्दल लिहितो, तेव्हा मुकादमांच्या जोडीला तो 'खूत' आणतो. घोड्यावर मिरवणाऱ्या, उंची कपडे घालणाऱ्या या गावप्रमुखांना सुलतानाने जमिनीवर आणलं, असं तो सांगतो. अभ्यासकांनी त्या खूताशी आपल्या खोताचा संबंध जोडला आहे. मला तो पटतो, कारण सरकार आणि नांगर यांच्या मधली जागा दोघांचीही.

कोकणात हा मक्ता हळूहळू वतन झाला. खोताने सरकारला कबुलायत लिहून द्यायची, ठरलेला सारा भरायचा आणि कुळांकडून त्याहून जास्त घ्यायचं. वरचा भाग तो 'खोती फायदा'. बापामागून मुलगा, मुलांमागून भाऊबंद असे हिस्से पडत गेले आणि वहिवाट पाळीपाळीने फिरू लागली. इंग्रजांनी १८८० च्या खोती कायद्यात ही व्यवस्था नोंदवली, तेव्हा जमिनींची नावंही पक्की झाली. थेट सरकारी धारा भरणाऱ्या धारेकऱ्यांची जमीन ती धारा, खोताच्या स्वतःच्या कब्जातली ती खोती खासगी, आणि उरलेली खोती निसबत. निसबत म्हणजे संबंध. जमिनीचा संबंध खोताशी! त्या डोंगरउतारावर ज्यांनी पिढ्यानपिढ्या बांध घातले, त्यांचा या नावात मागमूस नाही. कायद्याच्या भाषेत माणसं कशी पुसली जातात, याचा इतका स्वच्छ नमुना मी दुसरा पाहिलेला नाही.

त्या पुसलेल्या माणसाला म्हणायचं कूळ. संस्कृतातला कुल म्हणजे वंश. कुलदैवत, कुळाचार हे शब्द त्याचेच. खोताच्या वहीत मात्र कूळ म्हणजे वाटा देणारं एक घर. अर्धं पीक दिलं तर अर्धेल, तिसरा हिस्सा दिला तर तिर्धेल. आणि पिकाखेरीज अंगमेहनतही द्यायची, ती वेठ.

वेठ हाही फार जुना शब्द. संस्कृत विष्टि, प्राकृत विट्ठि, मराठी वेठ. विष्टि कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आहे. फारसीतून आलेली बिगार तिला चिकटली आणि वेठबिगार तयार झाली. चेक लोकांच्या बोहेमियातही जमीनदाराच्या शेतावर फुकट राबावं लागे. तिथे या वेठीला रोबोटा म्हणत. मारिया थेरेसाने १७७५ मध्ये तिच्यावर मर्यादा घातली आणि १८४८ मध्ये ती रद्द झाली. पुढे कारेल चापेकच्या नाटकात, भाऊ योसेफने सुचवल्यावरून, कारखान्यात घडवलेल्या कृत्रिम कामगारांना 'रोबोट' हे नाव मिळालं. आज जगभर उच्चारला जाणारा हा शब्द मुळात आपल्या वेठीचा सख्खा अर्थबंधू आहे.

आपल्याकडे ही मुक्ती फार उशिरा आली. कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षं संप चालवला, जमिनी ओस ठेवल्या, उपासमार सोसली. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले; त्यांत कोकणची कुळं मोठ्या संख्येने होती. ते विधेयक पार पडलं नाही. खोती कायद्याने संपली ती १९५० मध्ये, आणि पुढे कूळकायद्याने कुळांच्या मालकीची वाट मोकळी केली.

हा इतिहास लक्षात घेतला की 'वेठ मारणे' या वाक्प्रचाराचाही उलगडा होतो. काम मनाविरुद्ध, कसंबसं उरकणं असा त्याचा अर्थ. आळशीपणाचा ठपका म्हणून तो वापरला जातो. पण फुकट राबणारा माणूस काम उरकणारच, ते त्याच्या हातातलं एकमेव हत्यार होतं. 'वेठीस धरणे' याचा प्रवास मात्र मला मान्य होत नाही. कामगार संपावर गेले की 'संपकऱ्यांनी जनतेला वेठीस धरले' असे मथळे सर्रास छापले जातात. वेठीला धरलं जायचं ते राबणाऱ्याला, आणि चरीच्या शेतकऱ्यांनी संप केला तो त्यातून सुटण्यासाठी.