शेवटच्या क्लिकचा हक्क

गिऱ्हाईक कुणी आणलं, यावरून दलालांची भांडणं जुनीच आहेत. इंटरनेटवर त्यासाठी एक सोपा नियम रूढ झाला: ज्याच्या लिंकवर शेवटचं क्लिक, त्याचं कमिशन. आज या नियमाचा इतिहास पाहू.

१९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी 'कुकी' तयार केली. कुकी म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी चिठ्ठी. १९९६ मध्ये ॲमेझॉनने 'असोसिएट्स' योजना काढली. तुमच्या वेबसाइटवरून कुणी येऊन पुस्तक घेतलं, तर काही टक्के तुम्हाला. अशा योजना वाढल्या, आणि गिऱ्हाईक कुणी पाठवलं याची नोंद कुकीत होऊ लागली. नवं नाव आलं की जुनं पुसलं जायचं.

१९९८ मध्ये ईबेट्स आलं. मिळालेल्या कमिशनमधला वाटा ते गिऱ्हाइकालाच परत देई. हाच कॅशबॅक. पण त्यासाठी आधी त्यांच्या साइटवर जावं लागे. ब्राउझर एक्स्टेंशनने हा हेलपाटा वाचवला. आता दलाल थेट गल्ल्यापाशीच उभा!

समजा, एका यूट्यूबरने कॅमेऱ्याची नीट माहिती दिली. तुम्ही त्याच्या लिंकवरून दुकानात गेलात. पैसे भरताना खिडकी उघडते, 'कॅशबॅक हवा?' तुम्ही बटण दाबता, आणि चिठ्ठीवरचं नाव बदलतं. कमिशन १५०० रुपये धरलं, तर ५०० तुम्हाला, १००० एक्स्टेंशनवाल्याला, आणि यूट्यूबरला शून्य.

हे कुणाला कळलं नव्हतं असं नाही. २००२ मध्येच मध्यस्थ कंपन्यांनी आचारसंहिता केली: आधी दुसऱ्याची लिंक असेल तर सॉफ्टवेअरने बाजूला राहावं. पण ती पाळली जाते की नाही, हे पाहणार कोण?

२०१२ मध्ये सुरू झालेलं 'हनी' हे कूपन शोधणारं एक्स्टेंशन पेपालने सुमारे ४०० कोटी डॉलरना घेतलं. डिसेंबर २०२४ मध्ये 'मेगालॅग' या यूट्यूब चॅनेलने त्याच्यावर इतरांचं कमिशन घेतल्याचा आरोप केला. पेपालचं म्हणणं, आम्ही शेवटच्या क्लिकचा प्रचलित नियमच पाळतो. प्रकरण कोर्टात गेलं.

मार्च २०२५ मध्ये गूगलने क्रोमचे नियम कडक केले: गिऱ्हाइकाचा फायदा नसेल तर लिंक घालायची नाही. आता गंमत बघा. कॅशबॅकमध्ये गिऱ्हाइकाचा फायदा असतोच! म्हणजे संरक्षण गिऱ्हाइकाला मिळालं. माहिती देणाऱ्याचा प्रश्न तसाच राहिला. गिऱ्हाइकाचं मन कुणी वळवलं, याला त्या चिठ्ठीत रकानाच नाही.