चिखलदऱ्यात उन्हाळी साहसी उद्यान उभारायचं तर काय लागेल? जागा, परवानगी, पाणी, सुरक्षा आणि गावाचा वाटा : सविस्तर माहिती

एप्रिल-मे महिन्यात अमरावती, अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचला की लोकांची पावलं चिखलदऱ्याकडे वळतात. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर असलेलं हे विदर्भातलं प्रमुख थंड हवेचं ठिकाण. पण खरी गर्दी होते ती पावसाळ्यात. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. उन्हाळ्यात मात्र धबधबे आटलेले असतात, भीमकुंडात पाणी नसतं. पर्यटक दोन-चार पॉइंट बघतो, मक्याचं कणीस खातो आणि संध्याकाळी परततो.

उन्हाळ्यात पर्यटकाने मुक्काम करावा आणि गावाच्या हाताला काम मिळावं, यासाठी साहसी उद्यानाचा पर्याय डोंगरी गावांत पुढे येतो. मात्र जंगल, आदिवासी जमीन आणि पाणीटंचाई या तिन्ही गोष्टी असलेल्या तालुक्यात असं उद्यान नुसतं तार बांधून उभं राहत नाही.

साहसी उद्यान म्हणजे नेमकं काय?

जत्रेतले पाळणे किंवा वॉटर पार्क म्हणजे साहसी उद्यान नव्हे. यात माणूस स्वतःच्या हातापायांनी खेळतो. साधारणपणे पुढील खेळ असतात :

- झिपलाइन : उंचावरून उतरत्या तारेवर लटकून जाणे
- दोरखंडांचा मार्ग : खांबांवर किंवा झाडांवर बांधलेले झुलते पूल, जाळ्या, फळ्या
- कृत्रिम भिंतीवर किंवा कड्यावर चढाई आणि दोरावरून उतरणे, म्हणजे रॅपलिंग
- डोंगरी सायकलची पायवाट, तिरंदाजी, लहान मुलांसाठी कमी उंचीचे खेळ

चिखलदऱ्याजवळच्या आमझरी इथं वनविभागाच्या निसर्ग पर्यटन संकुलात अशा काही खेळांची सुरुवात झालेली आहे. त्यामुळे कल्पना तालुक्याला नवी नाही. प्रश्न आहे तो ती वाढवायची कशी आणि कुठवर, याचा.

चिखलदऱ्याची पार्श्वभूमी

हैदराबाद रेजिमेंटचा कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ मध्ये हे पठार इंग्रजांच्या नजरेस आणलं, असं सांगितलं जातं. त्याआधी डिसेंबर १८०३ मध्ये शेजारचा गाविलगड आर्थर वेलस्लीच्या फौजेने जिंकला होता. विदर्भात कॉफीची लागवड होते ती इथंच. १९७३-७४ मध्ये देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प जाहीर झाले, त्यात मेळघाट होता.

राज्य सरकारने २००८ मध्ये सिडकोला चिखलदऱ्यासाठी नियोजन प्राधिकरण नेमलं. चिखलदरा शहर आणि आलाडोह, शहापूर, मोथा, लवादा ही चार गावे मिळून सुमारे १,९३६ हेक्टरचा परिसर त्यात येतो. सिडकोनेच गोराघाट ते हरिकेन पॉइंटदरम्यान ४०७ मीटर लांबीच्या स्कायवॉकचं काम हाती घेतलं. हे काम वन आणि वन्यजीव परवानग्यांच्या टप्प्यात बरीच वर्षं रखडलं. पुढे कोणताही प्रकल्प आणणाऱ्याने यातून एक गोष्ट घ्यायला हवी. मेळघाटात आधी कागद, मग कुदळ.

जागा कोणाची, हे आधी ठरवा

चिखलदरा आणि धारणी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. त्यामुळे जागेचे चार प्रकार वेगवेगळे समजून घ्यावे लागतात.

*वनजमीन :* वन (संवर्धन) अधिनियम १९८० नुसार वनजमिनीचा वनेतर वापर करायला केंद्राची मंजुरी लागते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, वनविभागाच्या कार्य आयोजनेत किंवा व्याघ्र संवर्धन आराखड्यात समाविष्ट असलेल्या निसर्ग पर्यटन सुविधा वनेतर वापर मानल्या जात नाहीत. पण याचा अर्थ कोणीही जंगलात खांब रोवावेत असा नाही. आराखड्यात नाव नसेल तर जुनाच रस्ता. शिवाय व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या तरतुदी लागू राहतातच.

*आदिवासी खातेदाराची जमीन :* महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. त्यापुढच्या किंवा विक्रीच्या व्यवहाराला राज्य शासनाची पूर्वमान्यताही लागते. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर केलेला करार इथं चालत नाही.

*गावठाण व सामूहिक जागा :* गावाच्या हद्दीत पेसा कायदा १९९६ आणि राज्याचे २०१४ चे नियम लागू आहेत. विकास प्रकल्पासाठी भूसंपादन करण्यापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय बंधनकारक आहे. वनहक्क कायदा २००६ खाली सामूहिक हक्क मिळालेल्या जंगलात गावाचा शब्द मोलाचा ठरतो.

*नगर परिषद हद्द :* चिखलदरा शहरात ग्रामसभा नाही. तिथं नगर परिषद आणि नियोजन प्राधिकरणाचा विकास आराखडा बघावा लागतो. जागा शहरात आणि रस्ता गावाच्या हद्दीतून, असं असेल तर दोन्हीकडची दारं ठोठवावी लागतील.

नोंदणी सक्तीची

राज्याचं साहसी पर्यटन धोरण २४ ऑगस्ट २०२१ च्या शासन निर्णयाने जाहीर झालं. जमिनीवरचे, हवेतले आणि पाण्यातले असे तिन्ही प्रकारचे साहसी उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं त्यात बंधनकारक केलं आहे. प्रशिक्षित कर्मचारी, योग्य साहित्य, प्रथमोपचार आणि बचावाची तयारी या गोष्टी त्यासाठी लागतात.

आंतरराष्ट्रीय पातळीवर साहसी पर्यटनातील सुरक्षा व्यवस्थापनासाठी आयएसओ २११०१, तर दोरखंडांच्या मार्गांच्या बांधकाम व वापरासाठी युरोपातील ईएन १५५६७ हे मानक वापरलं जातं. निविदा काढणाऱ्या कार्यालयाने या मानकांचा उल्लेख अटींतच केला, तर स्वस्तात तार ओढून देणारा ठेकेदार आपोआप बाजूला पडतो.

सुरक्षा : कुठे चूक होते?

एप्रिल २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भोर तालुक्यात एका रिसॉर्टमध्ये झिपलाइनच्या तयारीत असलेल्या तरुणीचा उंचावरून पडून मृत्यू झाला. तार तुटली नव्हती, प्रवास सुरूही झाला नव्हता. म्हणजे फलाटावर उभं राहण्याची वेळही तारेवरच्या वेळेइतकीच धोक्याची असते. फलाटाला कठडा हवा आणि वर पाय ठेवल्याबरोबर माणूस दोराला अडकवलेला हवा.

इतर मुद्दे असे :

- दुहेरी अडकवण : दोन हुक असतात. पुढच्या तारेवर जाताना एक सोडायचा, दुसरा तसाच ठेवायचा. दोन्ही एकदम सुटू न देणारी यंत्रणा मिळते, तीच घ्यावी.
- वजन : झिपलाइनला कमाल वजनासारखीच किमान वजनाचीही मर्यादा असते. हलकं मूल मध्येच थांबतं, जड माणूस शेवटी वेगात येतो. म्हणून वजनकाटा तिकीट खिडकीजवळच हवा.
- ब्रेक : मुख्य ब्रेक निकामी झाला तर दुसरा आपोआप लागला पाहिजे. हातमोज्याने तार दाबून थांबणं, हा सामान्य पर्यटकासाठी ब्रेक नव्हे.
- पाया : चिखलदऱ्याचा खडक काळा बसाल्ट. वर तो कठीण दिसला तरी कड्याच्या काठावर भेगाळलेला, सुटा असू शकतो. नांगर ठोकण्याआधी खडकाची तपासणी आणि नांगराची ओढ-चाचणी करून घ्यावी.
- झाडे : झाडाभोवती थेट तार आवळली तर साल कापली जाते आणि झाड मरतं. मध्ये लाकडी ठोकळे घालावेत आणि झाड वाढेल तशी पकड सैल करावी.
- रोजची नोंद : सकाळी खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक तार, हुक, पट्टा, हेल्मेट तपासून वहीत सही. वर्षातून एकदा बाहेरच्या तज्ज्ञाकडून पूर्ण तपासणी.

उन्हाळ्याचे खास धोके

पुस्तकी नियमांपलीकडे मेळघाटाचे स्वतःचे धोके आहेत.

*अवकाळी वादळ :* एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग भरून येतात. उंचावरची लोखंडी तार आणि वीज यांचा मेळ नको. गडगडाट ऐकू आला की खेळ बंद, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तरी सुरू करायचा नाही.

*आग्या मोहोळ :* कड्यांवर आणि उंच झाडांवर आग्या माश्यांची पोळी असतात. धूर, आरडाओरडा, दगड यांनी त्या उठतात. तारेवर लटकलेल्या माणसाला पळायलाही जागा नसते. मार्ग आखण्याआधी पोळ्यांच्या जागा गावातल्या जाणत्या माणसांकडून समजून घ्याव्यात. आमझरी हे 'मधाचे गाव' म्हणून ओळखलं जातं, तिथल्या मधपाळांचा अनुभव इथं कामी येईल.

*वणवा :* १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाचा आगीचा हंगाम. उद्यानात बिडी-सिगारेट, उघडी चूल, शेकोटी पूर्ण बंद हवी.

*ऊन :* दुपारी धातूचे भाग तापतात, माणसं थकतात. सकाळी ७ ते ११ आणि दुपारी ४ ते अंधार पडण्याआधी, अशी दोन सत्रं ठेवणं सोयीचं. अंधारानंतर बिबट, अस्वलांचा वावर असतो. त्यामुळे रात्रीचे दिवे आणि डीजे यांना थारा नको.

अपघात झालाच तर चिखलदऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयानंतर पुढचा मोठा आधार अचलपूर-परतवाडा आणि अमरावतीचा. मध्ये घाट आहे. म्हणून स्ट्रेचर, मान स्थिर ठेवण्याचा पट्टा आणि प्रथमोपचार शिकलेली माणसं उद्यानातच लागतील. १०८ ला फोन केला म्हणजे जबाबदारी संपली, असं होत नाही.

सर्वात मोठा प्रश्न पाण्याचा

पावसाळ्यात धो-धो पाऊस पडणाऱ्या या तालुक्यातल्या अनेक गावांत उन्हाळ्यात टँकर येतो. डोंगरउतारावरून पाणी वाहून जातं आणि बसाल्टमध्ये मुरायला जागा कमी. ज्या महिन्यात गावातल्या बाया हंड्यांची रांग लावतात, त्याच महिन्यात उद्यानाचा हंगाम असणार आहे.

हिशेब करून बघू. दिवसाला ३०० पर्यटक आणि माणशी १५ लिटर पाणी धरलं, तर रोज ४,५०० लिटर लागेल. शंभर दिवसांच्या हंगामाला साडेचार लाख लिटर. ६०० चौरस मीटर छपरावर पावसाळ्यात १,००० मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातलं ८० टक्के पाणी साठवता आलं, तर ४ लाख ८० हजार लिटर मिळतं. म्हणजे उद्यान स्वतःच्या छपराच्या पाण्यावर चालू शकतं. मात्र तेवढी मोठी टाकी आधी बांधावी लागेल आणि तिचा खर्च प्रकल्प अहवालात पहिल्याच दिवशी धरावा लागेल. पोहण्याचा तलाव, रेन डान्स असले प्रकार या हिशेबात कुठंच बसत नाहीत.

अमेरिकेतही डोंगरी गावांसमोर असा प्रश्न आला होता. वनजमिनीवरच्या बर्फावरील खेळांच्या केंद्रांना उन्हाळ्यात काय चालवता येईल, हे २०११ च्या कायद्याने ठरवलं. झिपलाइन, दोरखंडांचे मार्ग, डोंगरी सायकल यांना वाट मोकळी झाली. वॉटर पार्क, करमणूक पार्क, जलतरण तलाव, गोल्फ मैदान यांना नकार मिळाला. डोंगर आणि जंगल हाच खेळाचा आधार असेल तर परवानगी, ही त्यामागची कसोटी. चिखलदऱ्यालाही ती लागू पडण्यासारखी आहे.

गावाला काय मिळणार?

कोरकू कुटुंबं कामासाठी बाहेर जातात आणि होळीला गावी परततात. होळीनंतर पेरणीपर्यंत हाताला काम नसल्याने पुन्हा गाव सोडावं लागतं. उद्यानाचा हंगाम नेमका याच काळात येतो. पण 'स्थानिकांना रोजगार' म्हणजे फक्त झाडू आणि पार्किंग असेल, तर उपयोग नाही. दोर हाताळणं, बचाव, प्रथमोपचार ही कामं गावातल्या तरुण-तरुणींना शिकवता येतात. उत्तरकाशी, मनाली इथल्या सरकारी गिर्यारोहण संस्थांत मूलभूत अभ्यासक्रम सुमारे चार आठवड्यांचा असतो. प्रकल्पाच्या पहिल्या वर्षात दहा-बारा जणांना पाठवलं, तर दुसऱ्या वर्षी तेच इतरांना तयार करतील.

मोथ्याचा खवा, इथली कॉफी, मध, कोदो-कुटकी यांची विक्री आणि घरगुती मुक्कामाची सोय बचत गटांकडे दिली, तर तिकिटाबाहेरचा पैसाही गावात राहील. मात्र तिकिटातला वाटा ग्रामसभेला किती आणि कधी मिळणार, हे करारात आकड्यासह लिहून घ्यावं. तोंडी आश्वासनाचा हिशेब नंतर कोणी देत नाही.

कामाचा क्रम

१. जागेचा सातबारा, वननकाशा आणि विकास आराखडा पडताळणे
२. ग्रामसभा किंवा नगर परिषदेत खुली चर्चा आणि ठराव
३. पाणी, रस्ता, पार्किंग आणि कचऱ्याचा आराखडा
४. वन, महसूल आणि नियोजन प्राधिकरणाच्या मंजुऱ्या
५. खडक तपासणी, मानकांनुसार रचना आणि बांधकाम
६. कर्मचारी प्रशिक्षण, बचावाचा सराव, विमा
७. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी, त्यानंतरच तिकीटविक्री

पर्यटकांनी तिकीट घेण्याआधी बघावं

नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलंय का? वजन विचारलं का? हेल्मेटचा पट्टा कर्मचाऱ्याने स्वतः तपासला का? फलाटावर चढताच दोर अडकवला का? यातल्या एकाचं उत्तर जरी 'नाही' असेल, तर पैसे परत मागावेत आणि खाली उतरावं. पॉइंटवर उभं राहून मेळघाट बघायला तिकीट लागत नाही.