क्षयरोग : बरे वाटू लागल्यानंतरही गोळी सुरू ठेवण्याचा प्रश्न

बेहाला (कोलकाता) : सौरभ गांगुलीमुळे क्रिकेटप्रेमींना परिचित असलेले बेहाला हे कोलकात्याच्या नैर्ऋत्येचे दाट वस्तीचे उपनगर १९८४ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आले. येथील विद्यासागर रुग्णालयासह देशभरातील सरकारी रुग्णालयांत क्षयरोगाचे औषध विनामूल्य मिळते. मात्र औषध हाती पडणे आणि ते सहा महिने नियमित पोटात जाणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

नेहमीच्या क्षयरोगात पहिले दोन महिने चार आणि पुढील चार महिने तीन औषधे दिली जातात. अडचण होते ती औषध लागू पडल्यामुळेच. काही आठवड्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते आणि रुग्णाच्या लेखी आजार संपतो. शरीरात दबा धरून बसलेले, संथपणे वाढणारे जंतू मात्र शिल्लक असतात. उपचार मध्येच थांबले तर रोग उलटण्याची आणि जंतू औषधांना दाद न देण्याची शक्यता वाढते. अशा प्रतिरोधी क्षयाचे उपचार पूर्वी दीड ते पावणेदोन वर्षे चालत. चार औषधांच्या सहा महिन्यांच्या नव्या उपचारपद्धतीला केंद्र सरकारने २०२४ मध्ये मान्यता दिली.

हा प्रश्न भारतात प्रथम नीट तपासला गेला तो मद्रासमध्ये. १९५६ मध्ये तेथे सुरू झालेल्या अभ्यासात काही रुग्णांना आरोग्यधामात, तर काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषध देण्यात आले. घरचे अन्न निकृष्ट, विश्रांती कमी. तरीही वर्षअखेरीस दोन्ही गटांचे निष्कर्ष जवळपास सारखे निघाले. १९५९ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर जगभर आरोग्यधामांचे महत्त्व ओसरू लागले. पण घरी दिलेले औषध खरोखर घेतले जाते का, हा प्रश्न तेव्हाच पुढे आला. डॉ. वॉलेस फॉक्स यांचे पथक त्यासाठी अचानक घरी जाऊन गोळ्या मोजत असे आणि लघवी तपासत असे.

पुढे १९९७ पासून देशात ‘डॉट्स’ पद्धत विस्तारली. आठवड्यातून तीनदा, कर्मचाऱ्याच्या देखत गोळी घ्यायची. शिस्त लागली खरी; पण रोजंदारीवरील माणसाला केंद्राच्या वेळेसाठी कामाचे तास मोडावे लागत. अशा रुग्णाला ‘बेफिकीर’ ठरवणे सोपे असते, न्याय्य नव्हे. २०१७ पासून देशभर दररोजच्या मात्रेची पद्धत आली. गोळ्यांच्या पाकिटात दडलेल्या क्रमांकावर मिस्ड कॉल देण्याची सोयही करण्यात आली. अर्थात कॉल आला म्हणजे गोळी पोटात गेली, असे नव्हे.

म्हणूनच समुपदेशनाला पर्याय नाही. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, हे आधी सांगितले नाही तर रुग्ण घाबरून औषध बंद करतो. मळमळ झाली तर गोळी टाकून न देता केंद्रात यावे, हेही पहिल्याच दिवशी सांगायला हवे. दारू आणि तंबाखूबाबत दरडावण्यापेक्षा विचारणे उपयोगी ठरते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा गाभा हाच आहे : बदलाची कारणे रुग्णाच्याच तोंडून यावीत. ‘दारू सोडा’ याऐवजी ‘कामावरून परतल्यावर संध्याकाळ कशी जाते?’ असे विचारले, तर गोळी नेमकी कधी चुकते हेही कळते.

आहाराचा प्रश्न वेगळा काढता येत नाही. झारखंडमधील ‘रेशन्स’ अभ्यासात रुग्णांच्या कुटुंबीयांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यातील क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. रुग्णांचे वजन सुरुवातीलाच वाढले तर मृत्यूचा धोकाही कमी झाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून रुग्णाच्या बँक खात्यात दरमहा ५०० रुपये जमा होत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली. बुडालेल्या मजुरीची भरपाई मात्र या रकमेत धरलेली नाही.