सविकल्प समाधी आणि मेंदूतील विरोध

न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनातील अध्यक्षीय भाषणात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक पात्राशी तादात्म्य पावतो, परंतु आपले स्वत्व विसरत नाही; या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयानंद असतो, असा तिचा आशय.

दोन जाणिवा एकाच वेळी मनात वावरतात तेव्हा काय घडते, हा प्रश्न मानसशास्त्राने वेगळ्या वाटेने हाताळला. १९३५ मध्ये जॉन रिडले स्ट्रूप यांनी रंगांची नावे भिन्न रंगाच्या शाईत छापून कसोटी घेतली. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत असला, की शाईचा रंग सांगण्यास विलंब लागतो. कारण वाचन आपोआप घडते व त्याला आवरावे लागते. १९९० मध्ये सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात होसे पार्डो व सहकाऱ्यांनी हीच कसोटी पॉझिट्रॉन चित्रणाखाली घेतली, तेव्हा मेंदूच्या अग्र सिंग्युलेट भागात रक्तप्रवाह वाढलेला आढळला. हा भाग विरोधाची दखल घेऊन अधिक नियंत्रणाची सूचना देतो, असे प्रतिपादन बॉटव्हिनिक प्रभृतींनी २००१ मध्ये केले.

यावरून केळकरांचा सिद्धांत सिद्ध झाला, असे म्हणता येईल काय? नाही. चित्रणातून रक्तप्रवाहातील फरक कळतो, अनुभवाचा अर्थ नव्हे. शिवाय हाच भाग वेदनेच्या वेळीही उद्दीपित होतो. याहून मूलभूत भेद असा, की प्रयोगशाळेतील विरोध बरोबर उत्तरासाठी मिटवायचा असतो. सविकल्प समाधीतील द्वैत मिटले तर आस्वादच संपतो. मेंदूविज्ञानाची परिभाषा उसनी घेणाऱ्या समीक्षेने हा भेद प्रथम ध्यानी घ्यावयास हवा.