मजुरीचा दर आणि दुरुस्तीची किंमत

युरोपातल्या देशांची गाडीदुरुस्तीच्या मजुरीनुसार उतरंड लावणारे तक्ते अलीकडे वारंवार वाचायला मिळतात. वर लक्झेंबर्ग, डेन्मार्क, बेल्जियम; तळाला हंगेरी, रोमानिया, बल्गेरिया. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये नोकरीला गेलेली आपली मुले सुट्टीत घरी आली की तेच सांगतात : तिकडे गाडी गॅरेजमध्ये लावली की तासाला शंभर युरो नुसत्या मजुरीचे जातात. त्यावरून पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्यात एक मत जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. आपल्याकडे मजुरी स्वस्त, म्हणून गाडी सांभाळणे स्वस्त. त्यातही पुण्याच्या शोरूमपेक्षा नसरापूरचा, कापूरहोळचा, भोरचा मिस्त्री स्वस्त, म्हणून शहाण्याने त्याच्याकडे जावे आणि मजुरी आणखी थोडी तोडून घ्यावी.

हे मत चुकीचे आहे आणि त्याचा तोटा गाडीमालकाइतकाच मिस्त्रीलाही होतो, असे माझे म्हणणे आहे. पण आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे.

युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाचे, म्हणजे युरोस्टॅटचे, २०२४ चे आकडे असे आहेत. कामगाराच्या एका तासासाठी मालकाला येणारा खर्च संघात सरासरी ३३.५ युरो. लक्झेंबर्गमध्ये ५५.२, डेन्मार्कमध्ये ५०.१; रोमानियात १२.५, बल्गेरियात १०.६. एकाच संघात पाचपटींचा फरक. गॅरेजचा दर याच्याही वर चढतो, कारण त्यात जागेचे भाडे, हत्यारे, विमा, रिकामा गेलेला वेळ, नफा आणि कर मिळवावा लागतो. या आकड्यांशेजारी आपल्या मिस्त्रीची मजुरी ठेवली तर वाद उरत नाही, असे पूर्वपक्ष म्हणतो. शिवाय त्याच्या पाठीशी रोजचा अनुभव आहे. गावचा मिस्त्री ओळखीचा असतो, उधारी ठेवतो, भात विकल्यावर पैसे घेतो. पाबे घाटात पिकअप बंद पडली तर स्वतः येतो, नाहीतर टोचन लावून गाडी खाली आणतो. शोरूमचा माणूस यातले काहीच करत नाही.

यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. निष्कर्ष मात्र यातून निघत नाही. का निघत नाही, ते पाहू.

पहिला दोष गणिताचा आहे. तुलना करणारा दर बघतो आणि तास सगळीकडे सारखेच लागतात असे धरून चालतो. प्रत्यक्षात दर बदलला की कामाची पद्धत बदलते आणि पद्धतीबरोबर तासही बदलतात. स्टार्टरचे उदाहरण घेऊ. आकडे केवळ हिशेबापुरते आहेत. नवा स्टार्टर ६,००० रुपयांना मिळतो आणि बसवायला एक तास लागतो. जुनाच उघडून बुश, कार्बन बदलायचे तर ४०० रुपयांचे सामान आणि तीन तास लागतात. तासाचा दर १५० रुपये असेल तर दुरुस्ती ८५० रुपयांत होते आणि नवा बसवायला ६,१५० पडतात. तासाचा दर १०,००० रुपये, म्हणजे साधारण शंभर युरो, असेल तर त्याच दुरुस्तीला ३०,४०० रुपये पडतात आणि नवा स्टार्टर बसवायला १६,०००. म्हणून डेन्मार्कमध्ये स्टार्टर बदलतात आणि भोरमध्ये उघडतात. दोघेही शहाणपणाने वागतात. आता दरातली तफावत पाहा : सहासष्ट पट. गाडी सुरू होण्यासाठी मालकाने मोजलेल्या पैशांतली तफावत मात्र एकोणीस पटींच्या आत आहे. क्लचप्लेटला नवे लायनिंग, कमान पाट्यातले एकच तुटलेले पान, रेडिएटरचे झाळकाम, लेथवर करून घेतलेला बुश, ही सगळी कामे आपल्याकडे टिकून आहेत ती याच हिशेबाने. स्वस्त मजुरीचे आपण जास्त तास विकत घेतो. तक्त्यात ते तास दिसत नाहीत.

याला जोडूनच आणखी एक गोष्ट. कंपनीच्या वर्कशॉपमधला तास बहुधा घड्याळाचा नसतो. कोणत्या कामाला किती वेळ धरायचा याचे कोष्टक कंपनी ठरवते. जर्मनीत तासाचे पाच-सहा मिनिटांचे भाग पाडून बिल करतात. दोन तासांचे ठरलेले काम कारागिराने दीड तासात संपवले तरी दोन तासांचेच पैसे लागतात. आपला मिस्त्री तासावर काम घेतच नाही, तो काम बघून उक्ते सांगतो. कोष्टकातला तास आणि उक्ते काम यांची ताशी तुलना करायला मुळात समान माप नाही.

दुसरा दोष असा, की दर कोणाच्या खिशातून जातो हे कोणी विचारत नाही. महाराष्ट्रात रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९ रुपये. वरच्या उदाहरणातले ८५० रुपये म्हणजे जवळजवळ २२ तासांचे काम, पावणेतीन दिवस. डेन्मार्कच्या बाजूचे १६,००० रुपये म्हणजे १६० युरो. तिथे श्रमाच्या तासाला मालकाचा खर्च ५० युरो आहे. त्यातले निम्मेच कामगाराच्या हाती पडतात असे धरले तरी साडेसहा तासांत बिल फिटते. रोजगार हमीवर जाणारा माणूस पिकअप बाळगत नाही, हे मान्य. पण दुधाची गाडी चालवणाऱ्याची कमाई त्याच्या दुप्पट धरली, तरी त्याला अकरा तास राबावे लागते. स्वतःच्या घामात मोजले तर स्वस्त देश कोणता, याचे उत्तर उलटे येते.

तिसरा दोष जास्त गंभीर आहे. गावातल्या मजुरीत जे धरलेलेच नाही, ते फुकट आहे असे समजले जाते. जर्मनीत मोटार मेकॅट्रॉनिकचे शिक्षण साडेतीन वर्षांचे असते. शिकाऊ मुलाला त्या काळात वेतन मिळते, शाळा असते, शेवटी परीक्षा असते. स्वतंत्र वर्कशॉप चालवायचे तर तिथे मास्टरची पात्रता असलेला माणूस लागतो. हा सगळा खर्च तासाच्या दरात येतो. आपल्याकडे आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, पण गॅरेजमधली बहुतेक मुले तिथून येत नाहीत. पान्हे धुता धुता शिकतात. त्यांच्या शिकण्याची किंमत ती मुले आणि त्यांची घरे भरतात. जॅकखाली पाय सापडला तर उपचाराचा खर्चही तेच करतात. जळके ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांत बसते, ते अधिकृत पुनर्प्रक्रियाकाराकडे गेले पाहिजे. ते ओढ्याला गेले तर गुंजवणी, वेळवंडी आणि नीरा हे पाणी पुढे नेतात आणि किंमत खालची गावे मोजतात. करही बिलात दिसत नाही. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. शोरूमच्या मजुरीवर मात्र १८ टक्के लागतो. शोरूमचे बिल मोठे दिसते त्यात हा भाग आहे. युरोपातही हंगेरीत २७ टक्के कर आणि लक्झेंबर्गमध्ये १७ टक्के, असा फरक आहे. करासकट आणि कराविना दर एकाच रांगेत मांडले तर तक्ता फसवतो.

चौथा दोष, ही स्वस्ताई कायमची आहे असे मानण्याचा. श्रीमंत देशांत सेवा महाग का, याचे उत्तर बेला बालासा आणि पॉल सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे दिले. कारखान्यांची उत्पादकता वाढते, तिथले पगार चढतात, आणि माणसे टिकवायची तर शेजारच्या केशकर्तनालयाला आणि गॅरेजलाही पगार चढवावे लागतात. म्हणजे जर्मन कारागिराचा दर जास्त आहे तो त्याचा हात आपल्या मिस्त्रीपेक्षा तितक्या पटीने कुशल आहे म्हणून नाही. हे तत्त्व भोरला लावून पाहा. शिरवळची औद्योगिक वसाहत जवळ आहे, चाकणच्या मोटार कंपन्या फार दूर नाहीत. हातात कला असलेला पोरगा ठरलेली पाळी, भविष्य निर्वाह निधी आणि महिन्याचा पगार सोडून गॅरेजमध्ये कशाला थांबेल? मजुरी तोडून घेणारे गिऱ्हाईक उद्याचा मिस्त्री आजच गमावत आहे.

यावर कोणी म्हणेल, मग सगळ्यांनी शोरूमला जावे असे का? मुळीच नाही. वेल्ह्याहून पुणे गाठायला पन्नास-साठ किलोमीटर जावे लागते, डिझेल जळते, दुधाची किंवा भाताची एक फेरी बुडते. घाटात चालणाऱ्या गाडीच्या ब्रेक लायनर, क्लच आणि पाट्यांची झीज सपाटीवरच्या गाडीपेक्षा लवकर होते, पावसाळ्यात चिखलाने तर अधिकच. अशा गाडीला जवळचा कुशल हात ही गरजच आहे. आणि तो हात आज मागे पडतो आहे त्याचे कारण वेगळे आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक आले. डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ आला, सेन्सर वाढले. कमी वेगाच्या, थोड्या अंतराच्या फेऱ्यांत डीपीएफमधली काजळी नीट जळत नाही आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिवा का लागला हे कळायला स्कॅनर आणि कंपनीची माहिती हवी. मिस्त्रीकडे अक्कल आहे, माहिती नाही.

इथे युरोपकडून शिकण्याजोगे काही आहे, आणि ते मजुरीच्या तक्त्यात सापडत नाही. २००७ च्या ७१५ क्रमांकाच्या नियमाने तिथल्या कंपन्यांवर दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही देण्याचे बंधन आले. वॉरंटीच्या काळात नेहमीची सर्व्हिसिंग बाहेर केली एवढ्यावरून वॉरंटी नाकारता येत नाही, ही भूमिकाही तिथल्या स्पर्धा नियमांत रुजली आहे. आपल्याकडे याच प्रश्नावर भारतीय स्पर्धा आयोगाने शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड सुनावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात मिळू दिली नाहीत, हा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारी आणि शेतीची अवजारे दोन्ही आहेत. या निकालाचा आणि या हक्काचा सगळ्यात जास्त उपयोग ज्याला व्हायला हवा, तो नसरापूर फाट्यावरचा मिस्त्री आहे.

म्हणून सिद्धान्त असा. गाडीदुरुस्तीची तुलना ताशी दरावर करू नये. एका कामाला मजुरी, सुटे भाग आणि कर मिळून किती गेले, गाडी किती दिवस उभी राहिली, तेच काम पुन्हा किती किलोमीटरवर काढावे लागले, आणि बिलाबाहेरचा खर्च कोणी सोसला, या चार प्रश्नांवर ती करावी. त्या कसोटीवर चांगला गावचा मिस्त्री शोरूमलाही सरस ठरेल आणि वाईट मिस्त्री फुकट असला तरी महाग पडेल.

गोखले अर्थशास्त्र संस्थेतून धनंजयराव गाडगीळांनी १९३५ मध्ये मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले होते. तसे सर्वेक्षण आज मावळपट्ट्यातल्या गॅरेजांचे व्हायला हवे. पुण्यातल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते एका उन्हाळ्यात करता येईल. मिस्त्रींनी कामागणिक दरांचा फलक लावावा, बदललेला भाग मालकाच्या हाती द्यावा आणि कामाची हमी कागदावर लिहावी. आठ-दहा जणांनी मिळून एक चांगला स्कॅनर घ्यावा. आणि गाडीमालकांना माझी विनंती एवढीच : मिस्त्रीची मजुरी तोडू नका. कामाची हमी मागा आणि तिची पूर्ण किंमत द्या.