मोठेपणी पुन्हा कॅथलिक श्रद्धेकडे: परतताना नेमके काय करावे लागते?

लहानपणी स्नानसंस्कार झाला, पहिला कम्युनियन झाला, रविवारचे कॅटेकिझमचे वर्गही झाले. मग कॉलेज, नोकरी, कधी दुसऱ्या धर्मातल्या जोडीदाराशी लग्न, आणि चर्च सुटले ते सुटलेच. नाताळात गोठा पाहायला जाण्यापुरते उरले. अशा माणसाला चाळिशीत पुन्हा मिस्साला जावेसे वाटले तर? पुन्हा स्नानसंस्कार घ्यावा लागतो का? लग्नाचे काय? कागदपत्रांवरच्या धर्माचे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेत स्नानसंस्कार आयुष्यात एकदाच होतो आणि तो पुसला जात नाही. वीस वर्षे चर्चकडे न फिरकलेला माणूसही ख्रिस्तसभेच्या नजरेत कॅथलिकच असतो. त्यामुळे त्याच्या परतण्याला ख्रिस्तसभा धर्मांतर म्हणत नाही.

नौपाड्यातून कुठे जायचे?

नौपाड्याहून चालत जाता येईल अशा अंतरावर, मासुंदा तलावाच्या काठी, सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे पोर्तुगीज काळापासूनचे चर्च आहे. ठाण्याचा ख्रिस्ती इतिहास तर पोर्तुगिजांच्याही आधीचा. १३२१ मध्ये तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन फ्रान्सिस्कन सोबती ठाण्यात मारले गेले. पुढे ओदोरिक हा प्रवासी संन्यासी त्यांच्या अस्थी थेट चीनपर्यंत घेऊन गेला.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतली लॅटिन परंपरेची चर्च मुंबईच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत येतात. वसईचा धर्मप्रांत १९९८ मध्ये वेगळा झाला. या पट्ट्यातल्या बऱ्याच मल्याळी कुटुंबांची नोंद सिरो-मलबार परंपरेत असते, आणि त्यांच्यासाठी १९८८ मध्ये कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पापनिवेदन कोणत्याही कॅथलिक चर्चमध्ये करता येते. पण कागदपत्रांचा प्रश्न आला की आपली नोंद कुठे आहे हे माहीत असावे लागते.

मुख्य पायरी: पापनिवेदन

परतण्यासाठी वेगळा समारंभ नसतो. ज्याने फक्त चर्चला जाणे सोडले होते त्याच्यासाठी पापनिवेदन, म्हणजे गोव्याकडच्या घरांत ज्याला 'कुमसार' म्हणतात ते, पुरेसे असते. आठवतील तेवढी गंभीर पापे सांगायची, पश्चात्ताप व्यक्त करायचा, फादर सांगतील ते प्रायश्चित्त करायचे. प्रार्थना विसरलो, काय बोलायचे ते आठवत नाही, ही भीती जवळपास सगळ्यांना असते. "फार वर्षांनी आलोय, मदत करा" एवढे म्हटले की पुढचे फादर विचारून घेतात. तिथे सांगितलेले ते कोणालाही, न्यायालयातसुद्धा, सांगू शकत नाहीत.

शंका सगळ्या फिटल्या की मग जाऊ, असे म्हणत अनेक जण वर्षे घालवतात. फ्रान्सचा शार्ल द फुको हा लष्करी अधिकारी तरुणपणी श्रद्धा गमावून बसला होता. ऑक्टोबर १८८६ मध्ये तो पॅरिसमध्ये आबे ह्यूव्हलँ यांच्याकडे धर्माविषयी शिकवा म्हणून गेला. त्यांनी त्याला आधी गुडघे टेकून पापनिवेदन करायला सांगितले. पुढे तो धर्मगुरू झाला, सहारा वाळवंटात राहिला आणि २०२२ मध्ये संत घोषित झाला. अर्थात प्रत्येक फादर असेच करतील असे नाही. बरेच जण आधी दोन-चार वेळा निवांत बोलतात.

विधिपूर्वक दुसरा धर्म स्वीकारला असेल, तर प्रकरण थोडे वेगळे. जाणूनबुजून श्रद्धात्याग केल्यास बहिष्काराची तरतूद आहे. तो बिशप किंवा त्यांनी अधिकार दिलेले धर्मगुरू उठवतात.

खरी गाठ लग्नाची

कॅथलिक व्यक्तीचे लग्न धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांसमोर व्हावे, किंवा त्यातून आधी सूट घेतलेली असावी, असा नियम आहे. त्यामुळे फक्त कोर्टात किंवा वैदिक पद्धतीने केलेले लग्न सरकारच्या दृष्टीने पक्के, पण ख्रिस्तसभेच्या दृष्टीने अवैध ठरते. ते नीट होईपर्यंत सहसा कम्युनियन घेता येत नाही. चर्च औपचारिकरीत्या सोडलेल्यांना १९८३ च्या धर्मसंहितेत या नियमातून सवलत होती. २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ती काढून टाकली.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला, साध्या विधीत, चार माणसांत, पुन्हा संमती देणे. यासाठी हिंदू जोडीदाराला धर्म बदलावा लागत नाही. बिशपांची परवानगी मात्र लागते. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्याचा जमेल तेवढा प्रयत्न करीन, हे वचन कॅथलिक जोडीदाराने द्यायचे. दुसऱ्याला त्याची फक्त कल्पना द्यायची असते. घरात सगळ्यात जास्त वाद याच वचनावरून होतात, तेव्हा फादरांकडे जाण्याआधी ते घरी बोललेले बरे.

दुसरा मार्ग, जोडीदार विधीला तयार नसेल तर. "आपले लग्न झाले आहे, आता हे कशाला?" हा त्याचा प्रश्न रास्तच असतो. अशा वेळी नवा विधी न करता मूळ संमतीलाच मान्यता देता येते. याला मुळापासून वैधीकरण म्हणतात. अर्ज आपल्या चर्चच्या फादरांमार्फत जातो.

आधीचे चर्चमधले लग्न मोडून दुसरे केले असेल, तर प्रकरण धर्मप्रांताच्या न्यायासनापुढे जाते आणि वेळ लागतो. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दोनदा निकालाची जुनी अट काढल्याने प्रक्रिया थोडी सुटसुटीत झाली आहे.

सरकारी कायदा काय म्हणतो?

मिस्साला जाण्यासाठी राजपत्रात नाव छापावे लागत नाही. धर्म पाळण्याचा हक्क घटनेच्या कलम २५ मध्ये आहे. तरी दोन ठिकाणी सावध राहावे लागते.

एक, लग्नासाठी हिंदू धर्म स्वीकारून १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी केली असेल तर. त्या कायद्याच्या कलम १३ नुसार, एका जोडीदाराने दुसरा धर्म स्वीकारून हिंदू राहणे सोडले, तर ते दुसऱ्यासाठी घटस्फोटाचे कारण ठरू शकते. लग्न आपोआप तुटत नाही, पण संसारात आधीच ताण असेल तर वकिलाशी बोलूनच पाऊल टाकावे. विशेष विवाह कायद्याखालच्या, म्हणजे १९५४ च्या कायद्याने झालेल्या, लग्नाला ही अडचण नाही.

दोन, जातीचा दाखला. १९५० च्या आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले. ज्यांची नोकरी या दाखल्यावर उभी आहे, त्यांच्यासाठी उघडपणे परतणे हा पोटापाण्याचा प्रश्न आहे, आणि रविवारच्या प्रवचनात त्याचे उत्तर मिळत नाही.

कागद कोणते लागतात?

पापनिवेदनाला कोणताही नाही. लग्नाचे काम असेल तर जिथे स्नानसंस्कार झाला त्या चर्चमधून अलीकडच्या तारखेचा दाखला आणावा लागतो. दृढीकरण, लग्न या सगळ्यांची नोंद त्या एकाच नोंदवहीत होत असल्याने घरातला जुना दाखला चालत नाही. दृढीकरण राहिले असेल, तर मोठ्यांसाठी थोडी तयारी करून ते नंतर घेता येते. स्नानसंस्काराची तारीख आठवत नसेल, तर जन्मतारीख आणि आईवडिलांची नावे सांगून चर्चच्या ऑफिसात नोंद शोधता येते.