तिकिटावरचा वर्ग

धाराशिव जिल्ह्यांतील उतारूला तिकिटावरील वर्गाचा पहिला धडा बार्शी लाइट रेल्वेनें दिला. अडीच फुटी रुळांवरून चालणारी ही चिमुकली गाडी १८९७ सालीं कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली. १९०७ मध्यें ती तडवळ्यास व १९११ मध्यें लातुरास पोंचली. धाराशिव गांव तिच्या वाटेवर नव्हतें. तेथील माणसाला येडशी स्टेशन गांठावें लागे. पुढें कुर्डुवाडीस तो मुंबई-मद्रासच्या मोठ्या गाडींत शिरे, आणि आपण कोणत्या वर्गाचे हें तेथें त्याला पुरतें कळे.

याच लोहमार्गानें सप्टेंबर १९१७ मध्यें गांधीजी तिसऱ्या वर्गांतून मद्रासेस गेले. तिकीट तेरा रुपये नऊ आणे. डब्यावर बावीस उतारूंची पाटी, जागा केवळ बसण्यापुरती. पहिल्या वर्गाचें भाडें पांचपटीहून अधिक होतें. तेव्हां तिसऱ्या वर्गास पहिल्याच्या एकपंचमांश, निदान एकदशांश तरी सुख मिळतें काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. तक्रारीपेक्षां हा हिशेबच अधिक बोचरा आहे.

१९५५ मध्यें जुना पहिला वर्ग मोडला, दुसऱ्यास पहिला व इंटरला दुसरा म्हणूं लागले. तिसरा वर्ग १९७४ पर्यंत तिसराच राहिला. पाटी बदलली तरी फळी लांकडाचीच होती. ती मऊ करण्याचें श्रेय १९७७ मध्यें रेल्वेमंत्री झालेल्या मधु दंडवते यांच्याकडे जातें.

विमानाची गोष्ट निराळी. १९५२ मध्यें अटलांटिक महासागरावरील मार्गांवर स्वस्त 'टूरिस्ट' वर्ग निघाला, १९५८ मध्यें 'इकॉनॉमी' आला. 'एफ' म्हणजे पहिला वर्ग, 'वाय' म्हणजे इकॉनॉमी, इतकें सोपें तें होतें. १९७८ मध्यें अमेरिकेनें भाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठविलें, आणि कंपन्यांनीं एकाच दालनांतील खुर्च्या निरनिराळ्या अक्षरांखालीं, निरनिराळ्या दरांनीं विकण्याची विद्या वाढविली. स्वस्त अक्षराच्या ठराविक जागा संपल्या कीं पुढचें महाग अक्षर उघडतें. म्हणून शेजारीं बसलेल्या दोघांचे गुडघे सारखेच अवघडलेले, भाडें मात्र दुप्पट!

आज धाराशिव गांवांतूनच रुंद रुळांची गाडी सुटते. तिच्या तिकिटावरील 'एसएल' किंवा '३ए' हीं अक्षरें डबा सांगतात: पहिलें साध्या शयनयानाचें, दुसरें वातानुकूलित तीन मजली शय्येचें. विमानाच्या तिकिटावरचें अक्षर खुर्चीविषयीं फारच थोडें बोलतें. तें बोलतें अटींविषयीं. तारीख बदलतां येईल काय, प्रवास रहित केल्यास पैसे परत मिळतील काय, हें त्यावर ठरतें. शिवाय 'वाय'सारखीं कांहीं अक्षरें सोडलीं तर प्रत्येक कंपनीचा संकेत वेगळा. एकीचें 'के' दुसरीच्या 'के'सारखें असेलच असें नाहीं. मुलाला परदेशीं धाडणाऱ्या घरानें तिकिटाचे पैसे मोजण्यापूर्वीं त्या अक्षराखालच्या अटी वाचून घ्याव्या.